व्ही. पी. ते ओ. टी. पी.

मागच्या मंगळवारी आमच्या घरी कुरिअरनं अर्धा किलो लाल तिखट आलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना या वाक्यात दचकण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून खुलासा करतो. मी राहतो दोंडाईच्याला. जिल्हा धुळे, तालुका शिंदखेडा, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं एक स्टेशन. आमच्या गावचं नाव बाहेर गेलं ते मिरचीमुळे. हंगामात गावाच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या पडतात, नजर पोचेल तिथवर जमीन लाल होते आणि वाऱ्यानं जरा दिशा बदलली की अख्खी गल्ली एका सुरात शिंकते. आमच्या बँकेत एखादा गृहस्थ डोळे पुसत आला, तर त्याला थकलेल्या हप्त्याचं दुःख झालंय की तो नुसताच पथारीवरून आलाय, हे ओळखायला वीस वर्षांचा अनुभव लागतो.

अशा गावात पुडक्यातून तिखट आलं. पुडक्यावर पत्ता होता उत्तरेकडल्या कुठल्याशा औद्योगिक वसाहतीचा. आतली मिरची आमच्याच एखाद्या पथारीवर वाळलेली असेल तर मला मुळीच नवल वाटणार नाही. म्हणजे ती बिचारी दोंडाईच्याहून ट्रकनं निघाली, परमुलखात जाऊन स्वतःला कांडून घेतलं, चकचकीत पिशवीत बसली आणि माहेरपणाला परत आली. फरक इतकाच की जाताना तिचं वजन क्विंटलमध्ये होतं आणि येताना भाव ग्रॅमवर होता.

"तीस टक्के सूट होती," सौभाग्यवती म्हणाल्या.

"कशावर?"

"छापील किमतीवर."

छापील किंमत कोणी छापली, हा प्रश्न मी गिळला. संसारात काही प्रश्न वाणिज्य शाखेच्या पदवीधरानं विचारायचे नसतात. पण आमचे चिरंजीव मध्ये पडले. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या काळी नव्हतं हे. वस्तू घरी येते, आल्यावर पैसे द्यायचे, जुनं देऊन नवं घ्यायचं. तुम्हाला ते पचत नाही, एवढंच."

माझ्या काळी नव्हतं? इथे मात्र माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. (बी.कॉम.ला इतिहास नसतो, हे खरं. पण ज्याला ताळेबंद वाचता येतो त्याला मागचं वर्ष पाहिल्याशिवाय चालू वर्ष कळत नाही, आणि इतिहास म्हणजे तरी दुसरं काय?)

तर चिरंजीव, ऐका. वस्तू घरी येणं ही दुकानापेक्षाही जुनी गोष्ट आहे. कासार घरी येई, पिंजारी येई, अत्तरवाला येई. आणि जुनं देऊन नवं घ्यायची योजना कुठल्या बंगळुरूच्या इंजिनियरनं काढलेली नाही, ती बोहारणीनं काढली. आमची आई दोन जरीच्या साड्या आणि नानांची एक पँट देऊन एक स्टीलचा डबा घेत असे. त्या व्यवहाराला दीड तास लागे, त्यात दोन्ही पक्ष तीनदा उठून जात आणि शेवटी बोहारीण "तुमच्यासाठी म्हणून" असं म्हणत नानांचा एक चांगला शर्टही घेऊन जाई. हल्लीच्या मोबाइलवाल्या एक्सचेंज ऑफरमध्ये मला फक्त हे शेवटचं वाक्य सापडत नाही. शर्ट जातोच.

राहता राहिलं "वस्तू आल्यावर पैसे". त्याचं नाव व्ही. पी.

व्हॅल्यू पेएबल पोस्ट ही सोय आपल्या टपालखात्यानं १८७७ साली सुरू केली. अठराशे सत्त्याहत्तर! आमच्याकडे तेव्हा रेल्वेही आलेली नव्हती. अखंड खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे व्हायला १९०६ उजाडायचं होतं. अशा काळात सरकारनं ठरवलं की दुकानदारानं माल पोस्टात द्यावा, पोस्टमननं तो गिऱ्हाइकाकडे न्यावा, पैसे मोजून घ्यावेत, मगच पार्सल हातात द्यावं आणि पैसे दुकानदाराला पोचवावेत. म्हणजे ज्यानं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही अशा दोघांच्या मध्ये खाकी कपड्यातला एक माणूस उभा करायचा. सगळी मेख या माणसात होती. लोक दुकानदारावर विश्वास ठेवत नव्हते, पोस्टमनवर ठेवत होते.

या सोयीवर किती माणसं जगली! जुन्या मासिकांची मागची पानं काढून पाहा. केस वाढवायचं तेल, आठ दिवसांत हार्मोनियम, घरबसल्या इंग्रजी, अशक्तपणावरचं चूर्ण, मनगटी घड्याळ. प्रत्येकाच्या खाली एकच पालुपद: व्ही. पी. ने पाठवू. मोठमोठ्या पेढ्याही त्यात होत्या. व्हाइटअवे लेडलॉ नावाची इंग्रजांची एक टोलेजंग दुकानसंस्था कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत पसरलेली होती. ती चित्रांचे जाडजूड कॅटलॉग काढी आणि आडगावच्या साहेबलोकांना हॅटपासून मोज्यांपर्यंत सगळं पार्सलनं धाडी. हे दुकान उधार देत नसे. त्यामुळे साहेबलोकांनीच त्याच्या नावाचा अपभ्रंश केला होता, "राइट-अवे अँड पेड-फॉर". उधारी मिळाली नाही की माणूस कुठल्याही वर्णाचा असो, दुकानदाराला नावं ठेवतो, हे पाहून मला बरं वाटलं. मुंबईतल्या त्यांच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. काळाला विनोदबुद्धी असते ती अशी.

अमेरिकेत हाच प्रकार पाच वर्षं आधी झाला. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ मध्ये एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापली आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांना पाठवली. गावचा दुकानदार दामदुप्पट लावतो, मी दलाल काढून टाकतो, असं त्याचं म्हणणं. तीन वर्षांनी, १८७५ मध्ये, त्यानं पसंत नसल्यास पैसे परत अशी हमी दिली. पुढे सीअर्स आले, त्यांचा कॅटलॉग आणखी जाड झाला. मग गावोगावचे दुकानदार खवळले आणि त्यांनी चौकात कॅटलॉगांच्या होळ्या केल्या. आपल्याकडे आज दुकानदार होळी करतील तर कशाची करतील? मोबाइलची करता येत नाही; त्यांच्या स्वतःच्याही खिशात तोच आहे, आणि त्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत. सीअर्सनं आपला थोरला कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. आता हे कोण चालवणार, असं त्यांना वाटलं असावं. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, सिअ‍ॅटलच्या बेझोस नावाच्या माणसानं तोच कॅटलॉग संगणकावर चढवून पुस्तकं विकायला सुरुवात केली. वाणिज्य शाखेत याला अवेळी केलेलं निर्लेखन म्हणतात.

आता माझ्या काळाकडे येतो, कारण चिरंजिवांचा मूळ आक्षेप माझ्या काळावर होता.

साल १९८९. मी दहा वर्षांचा. वर्तमानपत्रात एक कोडं आलं होतं. उभ्या-आडव्या बेरजा पंधरा आल्या पाहिजेत. अचूक उत्तर पाठवणाऱ्यास तीन बँडचा ट्रान्झिस्टर बक्षीस, फक्त पॅकिंग आणि टपालखर्च भरावा. नाना शाळेत मास्तर होते आणि गणिताचे होते. त्यांनी दोन मिनिटांत कोडं सोडवलं आणि उरलेला दिवस शेजाऱ्यांना ते किती अवघड होतं हे सांगण्यात घालवला. महिन्याभरानं पोस्टमनकाका व्ही. पी. घेऊन आले. एकशे पंचाहत्तर रुपये! नाना क्षणभर थबकले. पण गल्ली जमली होती. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नाही, हा व्ही. पी. चा कायदा. नानांनी पैसे दिले, सही केली, सुतळी कापली. आत साबणाच्या वडीएवढी एक निळी डबी निघाली. तिचा कान पिळला की ती खरखरायची. ती खरखर तिन्ही बँडवर सारखीच ऐकू यायची, त्या अर्थी जाहिरात खोटी नव्हती. नानांनी त्या कंपनीला चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दुसरं कोडं आलं.

पुढे दोन-तीन वर्षं गल्लीतलं कोणीही बेरीज चुकलं की "मास्तर, ट्रान्झिस्टर" असं म्हणायची पद्धत होती.

ऑनलाइनवाल्यांनी नेमकं काय केलं, तर नानांची ही सुतळी कापण्याआधीची अवस्था ओळखली. २००७ मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्टवाल्यांनी पुस्तकं विकायला घेतली, पण कार्डावर आगाऊ पैसे द्यायला लोक कचरत होते. २०१० मध्ये त्यांनी वस्तू आल्यावर रोख ही सोय सुरू केली आणि गाडी चालायला लागली. वर्तमानपत्रं म्हणाली, क्रांती. मी म्हणालो, व्ही. पी.! फक्त खाकी जाऊन टीशर्ट आला. वर परत घ्यायची सोय आली, ती वॉर्डसाहेबांची १८७५ ची. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉननं इथे दुकान मांडलं तेव्हा तर दोन्ही गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या होत्या.

आणि ही मंडळी आल्याआल्या तुम्हाला पहिलं काय विचारतात? नाव नाही, गाव नाही. पिनकोड! तोही टपालखात्याचाच. टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो बसवला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. वेलणकर संस्कृतात नाटकं लिहीत. देशातल्या गावांची नावं आणि अक्षरं यांचा गोंधळ एका संस्कृत पंडितानं सहा आकड्यांत मिटवावा, आणि पस्तीस-चाळीस वर्षांनी त्या सहा आकड्यांवर धंदेवाल्यांनी साम्राज्यं उभी करावीत! त्यांना प्रत्येक पार्सलमागे एक पैसा मिळता तरी संस्कृत रंगभूमीचं कल्याण झालं असतं. आमचा आकडा ४२५४०८. सुरुवातीची काही वर्षं तो टाकला की पडद्यावर उमटायचं, आपल्या भागात आमची सेवा उपलब्ध नाही. मी तो अपमान मानत असे. हल्ली उमटत नाही, आणि हल्ली मला कधीकधी वाटतं की तो अपमान नव्हता.

याचं कारण आमच्या कोपऱ्यावरचे शेठजी.

त्यांचं किराणा दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. आत गोण्या, वर तेलाचे डबे, मागे "आज रोख उद्या उधार" ही पाटी आणि पाटीखाली उधारीची लाल चोपडी. पाटी नव्या गिऱ्हाइकासाठी, चोपडी जुन्यासाठी.

दुकानाची मी स्तुती करायला बसलो आहे असं समजू नका. दुकानात भीड असते. माझ्या मते आपला निम्मा व्यापार शंभर वर्षं भिडेवर चालला. साडीच्या दुकानात गादीवर बसायचं, चहा यायचा, नोकर एकामागून एक चाळीस घड्या मोडायचा, आणि मग एकही पसंत नाही असं म्हणून उठायला जे काळीज लागतं ते मध्यमवर्गात जन्माला येत नाही. आमच्या घरात भिडेखातर घेतलेल्या अकरा साड्या आहेत. सौभाग्यवती आता रात्री अंथरुणावर पडून चारशे साड्या पाहतात, कोणालाही घडी घालावी लागत नाही, आणि शेवटी एकही न घेता घोरायला लागतात. हे स्वातंत्र्य लहान नाही. किराण्याच्या दुकानातही तेच. तुम्ही काय घेता, किती घेता, महिन्याच्या कितव्या तारखेपासून साखर अर्ध्या किलोवर येते, हे शेठजींना पाठ असतं. ज्या बाईला आपली साखर गल्लीला कळू नये असं वाटतं तिला मोबाइल बरा वाटला, तर मी तिला दोष देणार नाही.

पण ही ओळख दोन्ही बाजूंनी कापते. ट्रान्झिस्टरनंतरच्या वर्षी नानांच्या शाळेचा पगार थांबला. शाळा विनाअनुदानित. आज होईल, उद्या होईल करत सव्वा वर्ष गेलं. पाचव्या-सहाव्या महिन्यात नानांनी दुकानाच्या समोरून जाणं सोडलं. मागच्या बोळातून शाळेत जायचे. एका संध्याकाळी थोरले शेठजी, म्हणजे आताच्या शेठजींचे वडील, स्वतः घरी आले. बरोबर हमाल आणि हमालाच्या डोक्यावर गहू, तेल, गूळ. नाना उंबऱ्यावर उभे राहून काहीतरी पुटपुटले. थोरले शेठजी म्हणाले, "पोटले उधार-रोख समजस का, मास्तर? पगार व्हई तव्हय द्या." आणि आतही न येता गेले. मी दाराआडून पाहत होतो. हमालानं गूळ खाली ठेवला तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

घरपोच सेवा ती हीच. फरक एवढाच की मागणी आम्ही नोंदवलेली नव्हती.

पगार झाल्यावर नानांनी सगळे पैसे फेडले. व्याज विचारलं तर शेठजी रागावले. पुढे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला गुडविल शिकवलं, मराठीत नावलौकिक. लॉर्ड एल्डन नावाच्या इंग्रज न्यायमूर्तींनी १८१० साली त्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी परत येण्याचा संभव म्हणजे नावलौकिक. त्याची किंमत काढायची पद्धतही आम्हाला शिकवली. सरासरी नफा, अधिक नफा, गुणिले इतकी वर्षं. मी गुळाच्या त्या ढेपेची किंमत त्या सूत्रात बसवायचा प्रयत्न केला. पेपर अर्धा राहिला.

लॉर्ड एल्डनसाहेबांच्या व्याख्येत एक गोष्ट गृहीत आहे. जुनं गिऱ्हाईक जिवंत आहे, जागाही तिथेच आहे, आणि तरीही ते येत नाही, असं काही होऊ शकतं हे त्यांच्या स्वप्नातही नसावं. शेठजींचं खातं आमच्याच शाखेत आहे. गोपनीयतेच्या बंधनामुळे त्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही. पण पूर्वी ते सोमवारी भरणा घेऊन आले की मी नोटा मोजायच्या यंत्राचं बटण दाबायचो. आता हातानं मोजतो. (काही पैसे क्यूआर कोडमधून परस्पर येतात, हे खरं. सगळे नव्हे.) २०२० च्या टाळेबंदीत चार दिवस जुने दिवस आले होते. कुरिअरवाले अडकले आणि अख्खी गल्ली शेठजींना फोन करू लागली. त्यांनी दाराला दोरी बांधून पिशव्या दिल्या, पैसे मागाहून घेतले. टाळेबंदी उठली, गल्ली पुन्हा मोबाइलमध्ये गेली. त्यात आम्हीही होतो. महिन्याची यादी अजून शेठजींकडेच जाते, पण ती पूर्वी फुलस्केपभर असे, हल्ली बसच्या तिकिटावर मावते.

आता मंगळवारच्या तिखटाकडे.

मी दिवसभर काउंटरवर लोकांना घसा फोडून सांगतो, ओ. टी. पी. कोणालाही सांगू नका, मुलाला नाही, जावयाला तर मुळीच नाही. त्याचा परिणाम परगावच्या माणसांवर काय होतो ते ठाऊक नाही, पण माझ्या घरात पुरता झाला आहे. सौभाग्यवती मोबाइलवरून पैसे देत नाहीत. त्या मागवतात सगळं "वस्तू आल्यावर रोख" या कलमाखाली. म्हणजे एकूण १८७७ च्याच पद्धतीनं. आणि पत्ता लिहिताना खाणाखुणेच्या चौकटीत काय लिहितात? शेठजींच्या दुकानासमोर. दुसरं लिहिणार काय? गल्लीत ठळक असं तेवढंच आहे.

मंगळवारी त्या भिशीला गेल्या होत्या. मी बँकेत. दुपारी कुरिअरच्या पोराचा फोन आला, घराला कुलूप आहे, परत नेऊ का? मी म्हणालो समोर विचार. पाचच मिनिटांत दुसरा फोन, ओ. टी. पी. सांगा. काउंटरसमोर नऊ माणसं उभी. त्यातल्या दोघांना मी नुकताच दम दिला होता. मी तोंडावर हात धरून चार आकडे कुजबुजलो. रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "साहेब फसना." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही.

संध्याकाळी घरी जाताना दुकानाशी थांबलो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. शेठजींनी गल्ल्याखालून पुडकं काढून फळीवर ठेवलं. पुडक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरांत आतल्या मालाचं नाव छापलेलं होतं, मिरचीच्या चित्रासकट. त्यांच्या मागे, बरोबर खांद्याच्या उंचीवर, तिखटाचा पत्र्याचा डबा होता. मला ती एवढीशी फळी ओलांडता येईना.

"भाऊ, तुमनं पार्सल उनं व्हतं," ते म्हणाले. "दोनशे एकोणसत्तर. मी भरी दिधात."

मी खिशात हात घातला. सुट्टे नव्हते. पाचशेची एक नोट होती. त्यांचा गल्लाही मी ओळखतो. मी मोबाइल काढला तर चार्जिंग संपलेलं. शेठजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी चोपडी ओढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं, आमच्या नावाचं. नानांच्या वेळचं नाव अजून तेच आहे, "मास्तर". त्याखाली तारीख घातली आणि मालाच्या रकान्यात लेखणी जरा थांबली.

मी वाकून पाहिलं. त्यांनी तिखट लिहिलं नव्हतं. "पार्सल" एवढंच लिहिलं, पुढे २६९ मांडले, आणि म्हणाले, "सावकाश द्या. काही घाई नही."